नावाचे पैसे येत नाहीत

आमच्या घरी लोखंडी पेटीत तळाशी एक बटवा आहे. आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा शिवलेला. त्याची दोरी दोनदा बदलली, पण बटवा तोच. पेटी उघडायची वेळ वर्षातून दोनदाच येते. एकदा सातबारा काढायला आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईला.

२०२५ च्या दिवाळीत धाकटा पोरगा पुण्याहून आला. आल्या दिवशीच मोबाईल पाहत म्हणाला, "बाबा, सोनं लाखाच्या वर गेलं नं. आपल्या घरात काय काय हाय ते एकदा मोजून तं ठेवू."

त्याच्या मायने पेटी उघडली. सुनेने मसाला मोजायचा छोटा काटा आणला. बटवा चटईवर रिकामा केला, तर निघालं एवढंच : चांदीचे पाच जुने रुपये, एक तुटकं जोडवं, आजीचं सोन्याचं डोरलं आणि दोन पदकं. पोराने एकेक वस्तू काट्यावर ठेवली. रुपया ठेवला तर अकरा ग्रॅम आणि वर काही भरला. डोरलं ठेवलं. मोबाईलवर हिशेब केला. मग पदक उचललं.

"हे चांदीचं हाय का?"

"नाही."

"मंग कायचं?"

"आबाजीचं."

"तसं नाही बाबा. किती रुपयाचं?"

मी काही बोललो नाही. त्या पोराचं चुकलं असंही नाही. हाच प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तेव्हा विचारणाऱ्यांत मीही होतो. ते लिहून ठेवावं म्हणून हा कागद घेतला.

शहरातली काही माणसं नाणी गोळा करतात, पदकं गोळा करतात, काचेच्या कपाटात मांडतात. चांगली गोष्ट आहे. पण कुणब्या-महाराच्या घरात सोनं-चांदी कोणी हौसेने गोळा केली नाही. ते आमचं साठवलेलं पीक होतं. कापूस विकला की आधी सावकाराचं देणं, मग किराणा, मग लुगडी-धोतरं, आणि त्यातून चार पैसे उरलेच तर आजी सोनाराकडे जायची. ती म्हणायची, "कापूस ठेवला तं उंदीर खाते, पैसा ठेवला तं मानूस खाते. चांदी कोनी खात नाही." तिची बँक म्हणजे उतरंडीतलं खालून दुसरं गाडगं. वरच्या गाडग्यांत तूर, मूग, मोहरी. चोर आला तरी उतरंड उतरवता उतरवता आवाज होईल, हा तिचा हिशेब.

त्या गाडग्यातले रुपये ती आवाजावरून ओळखायची. जात्याच्या दगडावर रुपया उभा टाकायचा. राणीछाप असेल तर खणकन वाजून आवाज थोडा वेळ टिकून राहायचा. इंग्रजांचा जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणजे आजच्या मापात अकरा ग्रॅम आणि वर थोडं. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणून गावात रुपया हेच वजन होतं. हळद, कात, औषध रुपयाभार तोलून देत. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की एक शेर. राणी व्हिक्टोरिया गेली, एडवर्ड आला, पंचम जॉर्ज आला, छापावरचं तोंड बदललं तरी चांदी तीच राहिली. दुसरी मोठी लढाई लागली आणि १९४० पासून सरकारने रुपयात चांदी निम्मीच ठेवली. आजीला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिने तो रुपया दगडावर टाकला आणि बाजूला सारला. "हा लढाईचा रुपया हाय, घसा बसला याचा." १९४७ ला निकेलचा रुपया आला तेव्हा तर ती तो गाडग्यात ठेवेनाच. तो खर्चायचा रुपया.

सोनं आमच्याकडे नावापुरतं. गावात खरं सोनं पाटलाच्या वाड्यात. पाटलीणबाई लग्नाला निघाल्या की गळ्यात पुतळ्यांची माळ असायची. पुतळी हे मूळ परदेशी सोन्याचं नाणं, व्हेनिस शहरातून व्यापाऱ्यांनी आणलेलं. त्यावरचा माणूस आपल्या बायांना पुतळीसारखा दिसला आणि नाव पडलं. वाड्यात गिन्न्याही होत्या म्हणतात. गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सोन्याचं नाणं, आठ ग्रॅमला जरासं कमी, बावीस कॅरेट. आमच्या आजीकडे फक्त डोरलं. १९६३ मध्ये सरकारने सोन्यावर बंधनं घातली, नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही असा नियम आला, तेव्हापासून तर तिने ते डोरलं जास्तच जपलं. "आता असं सोनं भेटत नाही," म्हणायची.

पण त्या गाडग्यात रुपयांच्या खाली अजून एक वस्तू होती. आम्हा पोरांना ती सणावारीच पाहायला मिळे. माझ्या पणजोबांचं पदक.

पहिल्या मोठ्या लढाईत पणजोबा बसऱ्याकडे गेले होते. इंग्रजांनी आमच्या समाजाला आधी पलटणीत घेतलं, मग १८९० च्या पुढे लढाऊ जात नाही म्हणून दार लावलं, आणि १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा परत उघडून १११ वी महार पलटण उभी केली. पणजोबा त्या पलटणीत नव्हते. ते खेचरांच्या तांड्यावर होते. ओझी वाहून नेणारी खेचरं हाकायची, त्यांना दाणापाणी करायचं, गोळागोळी चालू असली तरी तांडा पुढे न्यायचा. परत आल्यावर काही दिवसांनी टपालाने पदक आलं. चांगलं जाड, चांदीचं. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहा, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि खाली कवटी. मधोमध केशरी आणि दोन्ही काठांना निळी अशी फीत होती, ती मी पाहिली तेव्हा मळून काळी झालेली. घोडेस्वाराच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून आम्ही पोरं हसायचो आणि आजी पाठीत धपाटा घालायची. लेकराला दृष्ट लागली की ते पदक काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचे. माझ्याही गळ्यात होतं म्हणे.

दुसऱ्या लढाईत आबाजी गेले. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, बाबासाहेबांनी पोरांना भरती व्हायला सांगितलं. रेजिमेंटची दुसरी पलटण कामठीला उभी राहत होती. आबाजी कामठीला भरती झाले. टोपीवर कोरेगावच्या विजयस्तंभाचं चिन्ह होतं, हे ते मरेपर्यंत सांगायचे. पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथल्या पावसाचं सांगायचे, जळवांचं सांगायचे, माणसं मेल्याचं सांगत नसत. लढाई संपल्यावर मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसून दारव्ह्याला उतरले आणि चालत गावात आले. साठवलेला पगार आणि आजीच्या गाडग्यातले रुपये मिळून पाच एकर जमीन घेतली. आज मी जी वाहतो ती हीच. त्या वेळी गाडगं पहिल्यांदा रिकामं झालं.

आबाजींच्या नावाने दोन पदकं आली. एक सहा टोकांची पिवळी चांदणी, ब्रह्मदेशाची. दुसरं गोल पांढरं, त्यावर सिंह एका दोन तोंडांच्या जनावरावर उभा. आजीने पिवळं पाहून सोनं समजलं आणि पांढरं पाहून चांदी. आबाजींनी तिला सांगितलं नाही की सांगितलं आणि तिने मानलं नाही, कोण जाणे. तिने तिन्ही पदकं एकाच फडक्यात बांधली आणि गाडग्यात ठेवली.

१९५६ मध्ये गाडगं दुसऱ्यांदा उघडलं. १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला बाबासाहेब धम्मदीक्षा देणार होते. घरची सात माणसं जाणार. पांढरी लुगडी पाहिजेत, सदरे पाहिजेत, रस्त्याने भाकरी पाहिजे. आजीने गळ्यातली चांदीची सरी काढून विकली. त्या विकण्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट गळ्यावर हात फिरवून सांगायची, "सरी गेली तशी मान हलकी झाली."

मग १९७२ साल आलं.

मराठवाड्यात आणि तिकडे पश्चिमेला दुष्काळाची झळ जास्त होती. पण आमचीही विहीर आटली, ज्वारी करपली आणि कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. बाबा खडी फोडायच्या कामावर जात. आबाजींना दमा लागला होता. माणसं कशीबशी जगली असती, पण गोठ्यात बैलजोडी होती आणि कडबा संपला होता. बैल विकले तर पुढच्या मिरगाला जमीन कशाने वाहायची? आजीने एक रात्र विचार केला आणि सकाळी उतरंड उतरवली.

दारव्ह्याचा बाजार होता. मी तेव्हा सातवीत. आजी आणि मी शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसून गेलो. सोनाराच्या दुकानात आमच्यासारखीच माणसं रांगेने बसली होती. कोणाच्या हातात वाळे, कोणाच्या हातात करदोडा. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

आजीने फडकं सोडलं. सोनाराने आधी पिवळी चांदणी उचलली, कसोटीच्या दगडावर घासली आणि हसला.

"बाई, हे सोनं नोहे. पितळेच्या जातीचं हाय."

मग पांढरं गोल पदक घासलं. "हेही चांदी नोहे. निकेलची भेसळ हाय. याचे काय देऊ मी?"

आजीचं तोंड उतरलं. पंचवीस वर्षं तिने ती दोन पदकं चोरांपासून जपली होती. मग सोनाराने पणजोबांचं पदक उचललं. घासलं, हातात तोललं आणि मान हलवली. "हे चांदी हाय. चोख."

त्याने ते पारड्यात ठेवायच्या आधी मी हातात घेतलं. कशाला घेतलं, ठाऊक नाही. शाळेत इंग्रजी नवीनच शिकत होतो, दिसेल ते वाचायचा नाद होता. पदकाच्या कडेला, जिथे रुपयाला खाचा असतात तिथे, बारीक अक्षरं खोदलेली होती. मी कड फिरवत फिरवत वाचलं. आधी एक नंबर. मग डी, व्ही, आर. मग पणजोबांचं नाव. इंग्रज साहेबाने नाव जरा मोडून लिहिलं होतं, पण आमच्या पणजोबांचंच होतं. घरात कोणाला ते ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं ते पदक लेकरांच्या गळ्यात बांधलं, पण त्यावर नाव आहे हे कोणालाच वाचता आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आजी, याच्यावर नाव हाय."

आजीने सोनाराकडे पाहिलं. "नावाचे काही येते का, शेटजी?"

"नावाचे पैसे येत नाहीत, बाई. भाराचे येतात."

त्याने काही वाकडं बोललं नाही. खरं तेच बोलला. पदक पारड्यात बसलं. पावणेतीन तोळ्याला थोडं कमी भरलं. पंधरा रुपयांच्या आत काहीतरी आले. सोबत सात रुपये आणि पायातले वाळे दिले. डोरलं तिने पदरातून काढलंच नाही.

त्या पैशात कडबा आला आणि बैल वाचले. १९७३ च्या मिरगाला त्याच जोडीने पेरणी झाली. म्हणून आजीचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. म्हणणारा असेल त्याने भुकेला बैल पाहावा, मग म्हणावं.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "पोरा, ते नाव तुले याद हाय का? घरी गेल्यावर लिहून ठेव. नंबरबी लिहून ठेव." मी घरी गेल्या गेल्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहिलं.

रात्री आबाजींना त्यांची दोन पदकं परत दिली. पिवळ्या चांदणीच्या एका टोकावर कसोटीचा ओरखडा पडला होता, तो आजही आहे. आबाजी खोकत खोकत हसले. "सरकार हुशार हाय. सोन्याची देली असती तं तुमी ठेवली असती काय?" मग त्यांनी फडकं चाचपलं आणि विचारलं, "बाबाचं कुठं हाय?"

कोणी बोललं नाही. आबाजी उठले, काठी घेतली आणि गोठ्यात गेले. बैलांपुढे कडबा होता. बराच वेळ तिथेच उभे होते. परत आल्यावर त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आजीला बोल लावला नाही.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा कागद खरा होणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात शाळा संपली तेव्हा मी जुन्या वह्या गोळा केल्या आणि किराणा दुकानात रद्दीत घातल्या. दुकानदाराने तोलून घेतल्या, पुड्या बांधायला. त्याचे फुटाणे आणि गोळ्या घेतल्या. नावाची वही त्यातच गेली. तेव्हा लक्षातही आलं नाही. काही महिन्यांनी आजीने विचारलं, "लिहिलेलं हाय नं?" मी म्हटलं, "हाय." ती १९८१ मध्ये वारली, तोवर तिला तेच ठाऊक होतं.

आजीने पदक भाराने विकलं, पण ते बैलांसाठी. मी नाव भाराने विकलं, तेही फुटाण्यांसाठी.

पणजोबांचं नाव मला आठवतं, ते घरातलंच आहे. डी, व्ही, आर म्हणजे ड्रायव्हर, खेचर हाकणारा, हे मला पुष्कळ वर्षांनी एका निवृत्त सुभेदाराने सांगितलं. त्यानेच अजून एक गोष्ट सांगितली. हेच पदक पहिल्या लढाईतल्या मजूर टोळ्यांनाही दिलं होतं, तोच घोडेस्वार, तोच बादशहा, पण त्यांना चांदीचं नाही, ब्राँझचं. शिपायाला चांदी आणि हमालाला ब्राँझ. ते ऐकून मला वाटलं, पणजोबा मजूर टोळीत असते तर सोनाराने ते पदकही परत दिलं असतं. मग म्हणाला, नंबर सांगा, कागदपत्रात शोधता येईल. नंबर मला सांगता आला नाही. पावणेतीन तोळे आठवतात. नंबर आठवत नाही.

आजच्या पोरांना सोन्याची ओढ लागली, त्याचं मला नवल वाटत नाही. आमच्या लहानपणी म्हातारे सांगायचे, एक क्विंटल कापूस विकला की एक तोळा सोनं येते. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ ला सुरू झाली, तेव्हाच्या पट्टीचं हे बोलणं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि सोनं लाखाच्या वर. म्हणजे एका तोळ्याला किमान बारा-तेरा क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल निघतो. तीन एकरांचा वर्षभराचा घाम म्हणजे एक तोळा, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाईची मजुरी वजा केलेलीच नाही. सोनं वाढलं की आमचा कापूस तेवढा हलका झाला. पोराने घरातलं सोनं मोजायला काढलं, ते उगाच नाही.

म्हणून मी त्याला रागावलो नाही. काटा बाजूला ठेवायला सांगितला आणि सहावीतल्या नातीला हाक मारली. तिला म्हटलं, "पाह्य बरं माय, या पदकाच्या कडेला काही लिहिलेलं हाय काय?" तिने चांदणी फिरवली, गोल पदक फिरवलं, मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. म्हणाली, "काहीच नाही, आजोबा. कोरं हाय."

मला ते ठाऊक होतं. आबाजींच्या पदकांवर नाव घातलेलंच नव्हतं. ज्याच्यावर नाव होतं ते चांदीचं होतं म्हणून गेलं. जे उरलं, ते कोरं.

मग तिच्याच वहीचं एक पान घेतलं आणि तिला लिहायला बसवलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. ही पिवळी चांदणी कोणाची, तो कोणत्या पलटणीत होता, कुठून कुठे गेला, ओरखडा कशाचा. हे डोरलं कोणाचं, ते दुष्काळातही का विकलं नाही. हे पाच रुपये कोणी दगडावर वाजवून निवडले. जी सरी विकली ती कशासाठी विकली. आणि जे पदक या बटव्यात नाही ते कोणाचं होतं, त्यावर काय लिहिलेलं होतं आणि नंबर कोणी हरवला. तेही लिहायला लावलं. तिने मान वर करून पाहिलं, पण लिहिलं.

पोरगा शेजारी बसून ऐकत होता. मोबाईल त्याने खाली ठेवला होता. शेवटी म्हणाला, "बाबा, वजनबी लिहू काय?"

म्हटलं, "लिही. वजनाशिवाय आपलं घर चाललं नाही. पण आधी नाव लिही."

उद्या दुष्काळ आला, आजारपण आलं, पोरीचं लग्न निघालं, तर डोरलं जाईल, रुपयेही जातील. जावेत. ते त्यासाठीच साठवलेले आहेत. आपल्या घरीही असा एखादा बटवा असेल. त्यातलं काही सोनाराकडे न्यायची वेळ आली तर खुशाल न्यावं, लाजू नये. फक्त न्यायच्या आधी त्याची कड एकदा उजेडात फिरवून पाहावी. काही लिहिलेलं असेल तर उतरवून घ्यावं. आणि तो कागद रद्दीत घालू नये.

आमचा कागद आता बटव्यातच आहे, घडी करून, दोन पदकांच्या मध्ये.